माती वाढली तशी बाग वाढली

दोन भेंडीच्या झाडांवर चार माणसांची भाजी होत नाही. ऐन बहरातलं एक झाड एक दिवसाआड एखाद-दुसरी भेंडी देतं. ती वेळेवर तोडली नाही तर जून होते आणि तोडून साठवत बसलं तर पहिली मऊ पडते. एका वेळच्या भाजीला अर्धा किलो भेंडी हवी असेल तर दहा-बारा झाडं एकदम बहरात पाहिजेत, आणि तरीही दोन तोडे एकत्र करावे लागतात. हा हिशेब मांडला आणि गच्चीवरची बाग वाढवायची का, हा प्रश्न मिटला. कशी वाढवायची, एवढाच उरला.

आमची गच्ची पुण्यात कोथरूडला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला लागून आहे. साधारण अडीचशे चौरस फूट, तीन बाजूंनी कठडा. तिथे तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, दोन मिरच्या आणि ती भेंडीची जोडी एवढंच होतं. चहात टाकायला पात आणि फोडणीला कढीपत्ता घरचा मिळायचा. पण मला स्वयंपाकघराची बाग हवी होती. आठवड्यातून निदान तीन दिवस भाजी वरून खाली यावी, आणि ती माझ्या सासूबाईंना ओळखीची वाटावी. आईंचं माहेर चिपळूणकडचं. परसात अळू, पडवळ, माठ, अंबाडी बघत त्या वाढलेल्या. मंडईत मिळणारं अळू त्या नुसत्या देठावरून परत ठेवतात.

डिसेंबरात कागदावर आखणी सुरू केली आणि आधी माझ्या मावसभावाला बोलावलं. तो इमारतींच्या आराखड्यांचं काम करतो. मी त्याला रोपांची यादी दाखवायला गेले तर म्हणाला, "ताई, रोपांचं नंतर बघू. माती किती खोल घालणार ते आधी सांग." विटांचा वाफा बांधून फूटभर माती घालायची माझी कल्पना होती. त्याने तिथल्या तिथे हिशेब करून दाखवला. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे एका चौरस मीटरला सुमारे १५० किलो वरकड भार, म्हणजे स्लॅबच्या स्वतःच्या वजनाखेरीज वर येणारं वजन, धरून आखलेला असतो. म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. आणि पाणी पिऊन बसलेली साधी माती एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल घेतली तर तिचं वजन ४५ ते ५० किलो भरतं. तिपटीहून जास्त! त्यात वाफ्याखाली कायम ओल राहणार आणि खालच्या घराचं छत गळायला लागणार. ज्यांना ज्यांना गच्चीवर मातीचे वाफे घालायचे आहेत त्यांनी हा हिशेब आधी एखाद्या जाणकाराकडून करून घ्यावा, असं मी अगदी कळकळीने सांगेन. झाडं कुठेही लावता येतात, स्लॅब एकदाच पडतो.

मग ठरलं ते असं : भाजीबाजारातले प्लॅस्टिकचे जाळीदार क्रेट घ्यायचे, आतून तांदळाच्या रिकाम्या पोत्यांचं अस्तर द्यायचं, विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवायचे म्हणजे खालून वारा खेळेल आणि पाणी साचणार नाही. जड क्रेट भिंतीलगत आणि कठड्यालगत, मध्ये चालायला वाट मोकळी. क्रेटमध्ये भरायचं मिश्रण जेवढं हलकं करता येईल तेवढं हलकं.

दुसरी आखणी उन्हाची. त्यासाठी मी खडू घेऊन गच्चीवर गेले आणि सकाळी दहा, दुपारी साडेबारा आणि तीन वाजता सावली जिथे पडेल तिथे फरशीवर रेघा ओढल्या. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो. दक्षिणेच्या साडेतीन फुटी कठड्याची सावली भर दुपारीही जवळजवळ तीन फूट आत येते. मे महिन्यात त्याच जागेवर पुन्हा रेघा ओढल्या तर सावलीचा मागमूस नाही. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणजे कठड्यालगतची ती तीन फुटांची पट्टी पावसाळ्यात भेंडी-दोडक्याला चालेल, पण थंडीत तिथे अळू आणि पुदिनाच ठेवायचा. फळभाज्यांना सहा तास तरी थेट ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवून घेतात. क्रेट उचलून हलवता येतात म्हणून ही अदलाबदल जमते, वाफ्यांना ती जमली नसती.

आता मातीबद्दल. माझं सगळ्यात जास्त मन याच कामात गुंतलं.

रोपवाटिकेत जाऊन वीस पिशव्या, दोन पोती खत आणि एक गाडी माती आणली की एका रविवारी बाग उभी राहते. मी ते जाणूनबुजून केलं नाही. घरात जेवढं खत तयार होईल तेवढेच नवे क्रेट भरायचे, असा नियम मी घालून घेतला. पैशांची बचत हे एक कारण होतंच. पण नवशिक्याला एकदम चाळीस झाडं सांभाळता येत नाहीत, हे त्याहून मोठं. कुठल्या पानावर काय आलंय हे रोज बघायचं तर झाडं ओळखीची व्हावी लागतात, आणि ओळख व्हायला वेळ लागतो. खत सावकाश होतं, म्हणून बाग सावकाश वाढते, आणि त्या वेळात डोळा तयार होतो.

याला मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाच्या माध्यमातून आयुष्यभर हेच सांगितलं की घरचा काडीकचरा आणि पडणारं ऊन यांच्या जोरावर थोड्या जागेत कुटुंबापुरतं पिकवता येतं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं वापरून गच्चीत भाजी घेण्याची पद्धत लोकांना दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तर तिथल्याच स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर बाग उभी राहिली. हे सगळं वाचून ऐकून होते. करायला बसले तेव्हा त्यातला आनंद कळला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातले रस्ते पानांनी भरलेले असतात. शिरीष, पिंपळ, वड, बदाम. लोक ती पानं झाडून ढीग करतात आणि पेटवतात, ते बघून जीव तळमळतो. ही पानं ज्यांच्याकडे जास्त झाली आणि ज्यांना हवी आहेत त्यांची गाठ घालून देणारा 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम पुण्यात चालतो. आम्ही मात्र आमच्याच सोसायटीच्या झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं. त्या पोत्यात भरून जिन्याखाली ठेवायच्या, मुलगा संध्याकाळी वर आणायचा. उन्हाळ्याभरात गच्चीच्या एका कोपऱ्यात पोत्यांची भिंतच झाली. शेजारच्या चौकातल्या रसवंतीगृहातून चिपाडं आणली. ती ओलसर आणि गोड असतात, तशीच ठेवली तर मुंग्या धावतात. म्हणून दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून, मग कडक उन्हात वाळवून घेतली.

खताचा क्रेट असा लावला : तळाला चिपाडांचा चार बोटं थर. त्यावर दिवसभराची सालं, देठं, शेंगांची टरफलं, धुतलेला चहाचा चोथा, चुरलेली अंड्याची टरफलं. हे सगळं विळीवर बारीक चिरून. त्यावर त्याच्या दुप्पट सुकी पानं चुरडून. वरून आंबट ताकाचा शिपका. शिजवलेलं, तेला-मिठाचं काही नाही. तीन-चार दिवसांनी खुरप्याने वरखाली करायचं. हात घातला की आत गरम लागतं, ते बघायला मुलंसुद्धा यायची. ओल किती हवी हे आईंनी शिकवलं. "मूठ दाबून बघ गं. हात ओला झाला पाहिजे, पण थेंब पडता कामा नये." थेंब पडला तर आणखी पाला, हात कोरडा राहिला तर पाण्याचा हबका. एवढं पाळलं की वास येत नाही.

एप्रिलात त्यात राखाडी-तपकिरी, जाडसर, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. बघून कुणालाही किळस यावी अशा. पण त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असतात. ती माशी अन्नावर घोंगावत नाही, चावत नाही, आणि अळ्या ओला कचरा भराभर संपवतात. म्हणून त्यांना तशाच राहू दिलं. पुढे पाल्याचं प्रमाण वाढवल्यावर त्या आपोआप कमी झाल्या.

खत झालं की नाही हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. मूठभर ओलं खत पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस ठेवायचं. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे. मातीचा वास आला तर चाळून त्यात मेथीचे दाणे टाकायचे. दोन-तीन दिवसांत दाणे एकसारखे उगवले तर खत झाडाला द्यायला हरकत नाही.

आमच्या घरातून रोज साधारण अर्धा किलो ओला कचरा निघतो. त्याचं पाल्यासकट खत व्हायला दोन-अडीच महिने लागतात आणि शेवटी हाती येतं ते मूळ ढिगाच्या पाव हिस्सा. क्रेटमध्ये मी एक भाग पोयटा माती, एक भाग खत, एक भाग चिपाड-पाला आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालते. या हिशेबाने घरच्या कचऱ्यावर महिन्याला एक क्रेटही पुरता भरत नव्हता. तेव्हा मी शेजारच्या काकूंना विचारलं, "काकू, तुमच्याकडची भाजीची सालं मला द्याल का?" त्या इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवसापासून वेगळा डबाच ठेवला. मग खालच्या मजल्यावरच्या जोशी आडनावाच्या दोन्ही घरांनी डबे सुरू केले. गणपतीत निर्माल्यही आमच्याकडे यायला लागलं. बदल्यात कोथिंबिरीची जुडी, गवती चहा, ओव्याची पानं. बागेची वाढ अशी मजल्यांमधून झाली.

आता पेरणीचं. पहिल्या पावसाळ्यासाठी आईंनीच मला मुदत ठरवून दिली : ऋषिपंचमी. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा रिवाज. नांगरटीच्या शेतातलं धान्य नाही, फक्त माणसाच्या हाताने परसात पिकलेलं. म्हणून त्या दिवशी अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मका, अंबाडी अशी सगळी एकत्र भाजी होते, तेल-फोडणी न देता. मंडईत त्या आठवड्यात या भाज्यांचे वाटे मिळतात. पण वाटा विकत आणून ते साधत नाही, असं आई दर वर्षी म्हणायच्या. मला हे उद्दिष्ट फार आवडलं. तारीख ठरलेली, भाज्या ठरलेल्या, आणि उलटं मोजत पेरणी ठरवायची.

पडवळाला फळ धरायला दोन महिने सहज लागतात, म्हणून त्याला पहिला मान. मेअखेरीसच बी रात्रभर भिजवून कागदी कपात लावलं. दोडकाही त्याच आठवड्यात. भेंडीला पेरल्यापासून पन्नास दिवस धरले, म्हणजे जूनच्या शेवटी. अंबाडी जुलैच्या मध्यावर, माठ अगदी शेवटी, कारण महिन्याभरात तो हाताशी येतो. अळूचे कंद मात्र उन्हाळ्यातच लावून ठेवले होते, वडीसाठी काळ्या देठाचं आणि फतफत्यासाठी हिरवं. सुरणाला सात-आठ महिने लागतात, तो आणि लाल भोपळा त्या वर्षी बाहेरून आणायचा हे आधीच ठरलं.

बियाणं निवडताना मी मुद्दाम सरळ वाण घेतले, संकरित घेतले नाहीत. संकरित झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तसंच झाड येईल याची खात्री नसते. भेंडीत 'परभणी क्रांती' निवडली. ती परभणीच्या कृषी विद्यापीठाची. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा हळद्या रोग तिच्यावर कमी येतो. अळू आणि पडवळ आईंच्या माहेरून आलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपण्यासाठी केलेलं काम, ज्याला २०२० साली पद्मश्री मिळाली, ते माझ्या डोळ्यांसमोर होतंच. वेलाचं बी कुणाच्या तरी घरून हातोहात यावं यात फार समाधान आहे. त्या पुडीवर आईंच्या वहिनींनी बॉलपेनने लिहून पाठवलं होतं : 'लांब पडवळ, दगड बांधणे.' पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला लहानसा दगड बांधतात. आम्हीही बांधला.

मका एकटा-दुकटा लावून उपयोग नसतो. त्याचं परागण वाऱ्यावर होतं, तुऱ्यातले परागकण शेजारच्या कणसाच्या रेशमी केसांवर पडावे लागतात. म्हणून दोन क्रेट एकाला एक चिकटवून त्यात दाटीने लावला आणि तुरे आल्यावर रोज सकाळी ताटं हलकेच हलवली. कणसं लहान आली, पण दाणे भरले.

दोडक्याने मात्र मला खरं शिकवलं. जुलैच्या शेवटी मांडव भरून गेला, पिवळ्या फुलांचे घोस लागले, पण फळ एक नाही. वेलवर्गात नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. आधी नराचीच फुलं येतात, ती घोसाने. मादी फूल एकेकटं, आणि त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा, बारीक शिरा असलेला चिमुकला दोडका आधीपासून असतो. परागण झालं नाही तर तो पिवळा पडून गळतो. दोडक्याची फुलं उमलतात संध्याकाळी, पाचच्या पुढे. त्या वेळी पाऊस चालू असला की माशा फिरकत नाहीत आणि परागकणही धुपून जातात.

मग मी ऑफिसातून आले की पर्स ठेवून आधी गच्चीवर. नुकतं उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून मधला परागकोश मोकळा करायचा, आणि मादी फुलाच्या मधल्या भागावर तो अलगद टेकवून फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागते. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. पाऊस असेल तर वर छोटी कागदी पिशवी. तीन-चार दिवसांत देठ जाड होतो आणि चिमुकला दोडका खाली झुकायला लागतो. पहिला असा झुकलेला बघितला तेव्हा मी आईंना हाक मारून वर बोलावलं. गुडघे दुखत असताना त्या जिना चढून आल्या, दोडक्याला हात न लावता नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "बोट दाखवू नको गं, कुजतो." कोकणात हे पाळतात. मीही तेव्हापासून पाळते.

मादी फुलं वाढवायचा आणखी एक उपाय दुधीवर केला. मुख्य वेल पाच-सहा फूट झाला की त्याचा शेंडा खुडायचा. बाजूच्या फांद्या फुटतात, त्यांचाही शेंडा खुडला की पुढच्या फुटव्यांवर मादी फुलं जास्त येतात. क्रेटच्या मर्यादित जागेत वेल मैलभर पळवण्यापेक्षा हे फार चांगलं.

ऋषिपंचमीच्या सकाळी परात घेऊन वर गेलो. भेंडी, दोडका, दोन पडवळं, अंबाडीचा पाला, माठ, अळूची पानं आणि देठ, तीन कणसं. सुरण आणि भोपळा बाहेरचा. आईंनी भाजी केली, काकूंकडे आणि खालच्या दोन्ही घरी वाट्या गेल्या. चवीबद्दल काय लिहू? अळूच्या देठांचा तो मऊपणा मंडईच्या वाट्यात कधी आला नव्हता, एवढं नक्की.

मसाल्याच्या आणि औषधी पाल्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याला फार कष्ट नाहीत आणि नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी. पुदिना विकतच्या जुडीतल्या जून काड्या पाण्यात ठेवून मुळं फोडून लावला. त्याला स्वतंत्र क्रेट द्यावा, नाहीतर तो शेजाऱ्यांची जागा बळकावतो. ओव्याच्या पानांची फांदी नुसती खोचली तरी लागते, पण पावसाळ्यात जास्त पाण्याने कुजते. धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फाकी करून पेरले की आठ-दहा दिवसांत उगवतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कोथिंबीर उत्तम येते, एप्रिलात लगेच तुरा धरते. तुळस, सब्जा आणि शेपूला मी मुद्दाम फुलू देते. तुळशीच्या मंजिऱ्यांवर सकाळी नऊच्या सुमाराला बारक्या फुलोरी माश्या इतक्या येतात की शेजारच्या काकडीचं परागण मला हाताने करावं लागत नाही. भाजीच्या मधेमधे तुळस लावण्यामागे माझं हेच कारण आहे, आणि झेंडूमागेही.

किडींबद्दल माझं मत आता ठाम झालंय : रोज एकदा पानं उलटून बघणं हे कुठल्याही फवारणीपेक्षा मोठं औषध. चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा आला तेव्हा आधी पाण्याच्या धारेने धुतला. दोन दिवसांनी तिथे काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या दिसल्या. त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या. त्या मावा खातात. अशा वेळी कडुनिंबाचं तेलसुद्धा मारायचं नाही, त्यांना त्यांचं काम करू द्यायचं. तेल वापरते ते पांढऱ्या माशीवर आणि पिठ्या ढेकणावर, एक लिटर पाण्यात ५ मिलि, त्यात साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब, ऊन उतरल्यावर. कारल्याला फळमाशी डंख मारते, म्हणून फळ बोटाएवढं झालं की त्यावर कागदी पिशवी. कबुतरं उगवते कोंब खुडतात, त्यांच्यासाठी क्रेटवर जुनी मच्छरदाणी.

झाडं वाढीला लागली की पंधरा दिवसांतून एकदा अमृतजल देते : १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, १० लिटर पाणी. तीन दिवस, रोज तीन वेळा ढवळायचं. चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून मुळाशी ओतायचं. शेण मिळतं ते जवळच्या गोठ्यावरून. मिळालं नाही त्या महिन्यात नुसतं चाळलेलं खत मूठ-मूठ.

थंडीत बागेचा नूर पालटला. मेथी, पालक, मुळा, आंबट चुका, चाकवत, टोमॅटो. मेथी महिन्याच्या आत तयार होते, म्हणून दर आठवड्याला अर्धा क्रेट पेरत गेले की ती सलग मिळते. एकदम सगळी पेरली तर एकाच दिवशी चार जुड्या आणि मग तीन आठवडे काही नाही. कोबी, फ्लॉवर, कांदे, बटाटे मी लावत नाही. जागा तीन-तीन महिने अडून राहते आणि हाती एक गड्डा येतो. तेवढ्याच जागेत पालेभाज्यांचे तीन हंगाम होतात. वांग्यात 'मांजरी गोटा' लावलं, ते इथलंच, पुण्याजवळच्या मांजरी गावच्या मातीतलं, आणि भरल्या वांग्याला त्याच्यासारखं दुसरं नाही.

उन्हाळा हा गच्चीवरच्या बागेचा कठीण काळ. एप्रिलपासून पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधते, क्रेटवर चार बोटं पाल्याचं आच्छादन घालते आणि पाणी सकाळी आठच्या आत देते. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी बादलीत साठवून वर नेतो. तेव्हा नव्याने काही पेरत नाही, चवळई, मायाळू आणि अळू यांच्यावर भागवतो आणि बाकीचे क्रेट खत घालून विश्रांतीला सोडतो.

अक्षय्य तृतीयेला लावलेली हळद फेब्रुवारीत काढली. नागपंचमीला आणि गणपतीत तिच्या पानांवर पातोळे झालेच होते, पण जानेवारीत पानं वाळून आडवी पडल्यावर क्रेट उलटा केला तेव्हा पिवळेजर्द कंद निघाले. निम्मे आईंनी लिंबू आणि आल्याबरोबर लोणच्यात घातले. उरलेल्यांतले सशक्त डोळ्यांचे कंद वाळूच्या डब्यात पुढच्या अक्षय्य तृतीयेसाठी ठेवलेत. एक दोडका आणि एक पडवळ वेलावरच वाळू दिलं होतं, त्यांचं बी राखेत घोळून बाटलीत आहे, त्यातलं निम्मं चिपळूणला परत जाईल. खालच्या घरातल्या एका आजोबांनी सुरणाचा डोळा आणून दिलाय. त्याला खोल जागा लागते, म्हणून रंगाची २० लिटरची बादली धुऊन, बुडाला भोकं पाडून ठेवली आहे. सध्या काकूंच्या डब्यातून येणारी सालं आणि या शिशिरातला पाला मिळून तीन क्रेटचं खत शिजतंय. ते मेच्या शेवटी चाळून होईल, आणि त्यातला एक क्रेट लाल भोपळ्याचा.